मशीन लिहितं, वाचायचं कोणी?

आमच्या घरात ठराव झाला होता. ठराव म्हणजे मोठे बापू बोलले अन् बाकीच्यांनी माना हलवल्या. मोठे बापू म्हणजे माझे थोरले चुलते. मुखेडकडच्या आमच्या घरात मत एकच असतं अन् ते त्यांचं असतं. ठराव असा की पोरीला नांदेडच्या एका कंप्युटर ऑफिसात तीन महिने चाचणीवर घेतलंय तर जाऊ द्या. पक्की झाली तर राहील नांदेडला. न्हाई झाली तर गुमान गावाकडं यायचं अन् देगलूरकडचं जे स्थळ थांबून राहिलंय, त्याला होकार द्यायचा. अन् स्थळाचं कौतुक तरी किती! मुलगा एकुलता एक, शेत बागायती, सुपारीचंही व्यसन न्हाई, अन् बोलायला लई कमी. हा शेवटचा गुण हाय की दोष, ते मला कोणी सांगितलं न्हाई. मी अण्णांकडं, माझ्या वडिलांकडं बघितलं. अण्णा छताच्या पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

आता मी नांदेडच्या त्या ऑफिसापर्यंत पोचले कशी, हे सांगायला लातूरला जावं लागतं. बी.एस्सी. झाल्यावर मी लातूरला कोडिंग शिकले. शिकले म्हणजे पाठ केलं. लातूरच्या ज्या क्लासात मी होते तो मूळचा मेडिकल प्रवेशाचा, तिथं सगळंच पाठ करायचं असायचं. पाठ झालं की टेस्ट, टेस्ट झाली की रँक, अन् रँक आली की चौकातल्या फ्लेक्सवर दात दाखवणारा फोटो. डॉक्टर व्हायला हे उपयोगी पडत असेल, मला त्यात बोलायचं न्हाई. पण आमच्या संचालक सरांनी बघितलं की जो तो एआय, एआय करून राहिलाय. मग त्यांनी एआय कोडिंगची बॅच काढली अन् तिलाही तीच टेस्ट, तीच रँक लावून टाकली.

"कोड लिहायचा जमाना गेला," सर पहिल्याच दिवशी माईकवर म्हणाले. खोली एवढीशी, माईकची गरज काय ते देव जाणे. "आता मशीनला फक्त सांगायचं. सांगायचं कसं, तेवढं पाठ करा. समजून घेत बसू नका, वेळ जातो."

अन् खरंच आम्हाला प्रॉम्प्टची प्रश्नपेढी छापून दिली, स्पायरल बाइंडिंगची! प्रॉम्प्ट म्हणजे मशीनला आपण जे लिहून सांगतो ते. वेबसाईट पाहिजे तर हा प्रॉम्प्ट, हिशोबाचा प्रोग्राम पाहिजे तर तो, कोड बिघडला तर अमुक. पहिला प्रॉम्प्ट तर झोपेत उठवलं तरी आम्ही म्हणून दाखवायचो: "तू दहा वर्षांचा अनुभव असलेला तज्ज्ञ प्रोग्रामर आहेस." ज्या पोरींना दहा दिवसांचा अनुभव न्हाई त्या मशीनला दहा वर्षांचा वाटत बसल्या होत्या. टेस्टमध्ये 'तज्ज्ञ' शब्द राहिला तर मार्क कापायचे. एका पोरीनं सरांना विचारलं, की सर, पाच वर्षांचा अनुभव लिहिला तर काय होतं? सर म्हणाले, "प्रश्नपेढीत जे हाय तेच लिहायचं. शहाणपणा करायचा न्हाई." तिची रँक घसरली अन् ती पुन्हा काही विचारायच्या भानगडीत पडली न्हाई.

मी मात्र पहिली आले. पाठांतरात मी लहानपणापासून पुढं. कोणत्याही प्रॉम्प्टचा आकडा सांगा, मी घडाघडा म्हणणार. त्यातून निघालेला कोड मी कधी वाचला का? वाचायला तो आलाच कुठं होता प्रश्नपेढीत! पी हळद अन् हो गोरी, असा सगळा कारभार. संचालक सर खूश झाले. त्यांच्या क्लासचं सॉफ्टवेअर नांदेडचं जे ऑफिस करायचं, तिथल्या मालकाला त्यांनी फोन लावला, की आमची टॉपर पाठवून राहिलोय, सोनं हाय सोनं. अशी मी नांदेडला आले.

ऑफिस म्हणजे एका मेडिकलच्या वरचा मजला. एक कूलर, चार-पाच खुर्च्या, अन् मालकाच्या टेबलावर काच, काचेखाली देवाचे फोटो. मालक माणूस वाईट नव्हता, नुसता घाईचा होता. कोणतंही काम त्याला कालच पाहिजे असायचं. अन् दुसरा एक सीनियर होता, त्याला आम्ही दादा म्हणायचो. हा दादा म्हणजे माझ्या डोक्याला ताप. मशीनकडून मी कोड काढला, चिकटवला, चालला, की मी हात वर करणार, अन् हा खुर्ची सरकवत येऊन स्क्रीनवर बोट ठेवणार.

"ही ओळ काय करती?"

"चालतंय ना दादा सगळं."

"चालतंय ते मला दिसतंय. ही ओळ काय करती?"

मला काय माहीत ती काय करती! मी लिहिली होती थोडीच. मी तोंडातल्या तोंडात त्याला शिव्या घालायचे. मनात म्हणायचे, बघा, उंटावरचा शहाणा. मशीन आलं, जग कुठं चाललं, अन् हा माणूस अजून ओळी मोजत बसलाय. एकदा मी तोंडावरच म्हणलं, "दादा, तुम्ही गाडी चालवता तेव्हा इंजिन खोलून बघता का?" तो म्हणाला, "मी गाडी चालवतो. तू गाडी बनवून विकायला बसलीस." अन् गेला चहाला. मला तेव्हा त्याचा अर्थही लागला न्हाई, नुसता राग आला.

मालक मात्र माझ्यावर फिदा. पहिल्या महिन्यात मी जेवढं काम उपसलं तेवढं ऑफिसात कोणी उपसलं नव्हतं. मग दुसऱ्या महिन्यात त्यानं मला मोठं काम दिलं. आमच्या लातूरच्या त्याच क्लासला पालकांसाठी मेसेज पाहिजे होते. लेकरू टेस्टला हजर होतं का, मार्क किती पडले, हे रोज संध्याकाळी पालकाच्या मोबाईलवर जायचं. लातूरला लेकरं खोल्या करून राहतात, आई-बाप गावाकडं. त्यांना तेवढाच धीर.

मी प्रश्नपेढीतला प्रॉम्प्ट टाकला. तज्ज्ञ प्रोग्रामरनं चुटकीसरशी कोड लिहून दिला. वर चाचणीसाठी खोटी लेकरंही त्यानंच बनवून दिली, खोटे मार्क, खोटे मोबाईल नंबर. सगळी लेकरं पास, सगळे मेसेज बरोबर. मालकानं पेढे मागवले. दादानं पेढा घेतला, खाल्ला, अन् स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही ओळ..." "दादा, अजून एक पेढा घ्या ना!" असं मी म्हणलं अन् सगळे हसले. दादाही हसला. तो हसला ह्याचा मला फार आनंद झाला होता.

तिसरा महिना निम्मा सरला. मी गावाकडं फोन करून सांगूनही टाकलं, की झाल्यातच जमा हाय. अन् एक दिवस सकाळीच लातूरहून संचालक सरांचा फोन. मालकानं स्पीकरवर टाकला.

"अहो तुमचं सॉफ्टवेअर काय करून राहिलंय? उदगीरकडच्या एका पोरीचा चुलता आला अन् तिचं सामान बांधून तिला घेऊन गेला. पंधरा दिवसांपासून मेसेज जातोय म्हणे, पोरगी टेस्टला गैरहजर. पोरगी रडून रडून सांगून राहिली, मी रोज येते. आमच्या हजेरीत ती हजर हाय, मार्कही चांगले. चुलता ऐकतो कशाला! मोबाईल दाखवतो. म्हणतो, मशीन खोटं बोलतं व्हय?"

ऑफिसात सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालक म्हणाला, "बघ गं काय झालंय ते. पटकन कर."

पटकन! मी पटकन मशीनला विचारलं. पाठ केलेला प्रॉम्प्ट होताच: कोडमधली चूक शोध अन् दुरुस्त कर. मशीन म्हणालं, आपण अगदी योग्य मुद्दा उपस्थित केला आहे, चूक सापडली आहे. अन् त्यानं तारखेचा काहीतरी भाग बदलून दिला. मी चालवून बघितला, पोरगी गैरहजरच. मी म्हणलं, चूक तशीच हाय. मशीन म्हणालं, क्षमस्व, आपण बरोबर आहात, आता मूळ कारण सापडले. अन् भलतंच काही बदललं. आता तर हजर लेकरांचेही मेसेज जाईनात. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणतं, आपले निरीक्षण अचूक आहे. अरे बाबा, माझं निरीक्षण काय अचूक हाय? मला काही दिसून राहिलं न्हाई म्हणून तर तुला विचारते! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. पोरी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखं नुसतं गोड बोलायचं, अन् पोटात काय हाय त्याचा पत्ता न्हाई.

जेवायची वेळ झाली तरी मी तिथंच. माझ्या डोळ्यांसमोर देगलूरचा तो कमी बोलणारा मुलगा उभा. खरं सांगते, तेव्हा मला त्या उदगीरकडच्या पोरीची काळजी नव्हती, माझी स्वतःचीच होती. दादा डबा घेऊन शेजारी बसला. मी म्हणलं, "दादा, सांगा ना काय चुकलंय ते."

"मला काय माहीत? मी कुठं लिहिलंय."

"मी तरी कुठं लिहिलंय!"

"मग वाच," तो म्हणाला अन् भाकरी मोडायला लागला. मला वाटलं डबा उचलून त्याच्या डोक्यात घालावा. सोपं उत्तर द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

पण दुसरा मार्गच उरला नव्हता. मी मशीनची खिडकी बंद केली अन् पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मोठ्यानं, आमच्या बोलीत. ही ओळ लेकराचं नाव घेती. ही ओळ बॅच घेती. ही ओळ... ही ओळ काय करती? कळेना. अडले की दादा म्हणायचा, "पुढं जाऊ नको. कळेपर्यंत तिथंच थांब." लहान असताना पाढे म्हणताना अडलं की पुढचं म्हणून वेळ मारून न्यायची सवय. इथं ती चालेना. एकेका ओळीवर मी बसून राहायचे, कागदावर दोन लेकरं मांडायचे, त्यांना त्या ओळीतून हातानं चालवायचे. डोकं असं दुखायला लागलं की विचारू नका. दोन दिवस हेच. मालक येता-जाता विचारायचा, झालं का? अन् दादा माझ्या आधीच सांगायचा, वाचून राहिली. मालकाच्या कपाळावर आठी यायची. टॉपर अन् वाचून राहिली?

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओळीवर मी थांबले. ती ओळ म्हणत होती: हा मोबाईल नंबर आधीच आपल्याकडं असेल तर नवीन लेकरू धरू नको, जुन्याच खात्यावर नवीन माहिती चढव. मी ती ओळ पुन्हा वाचली. आधी मला ती बरोबरच वाटली. एकच माणूस दोनदा कशाला भरायचा? मग ती तिसऱ्यांदा वाचली.

अगं माय! आमच्या घरात नंबर कोणाचा देतात?

शाळेत नाव घालताना, स्कॉलरशिपला, हॉस्टेलला, बँकेत, गॅसला, जिथं म्हणून 'पालकाचा मोबाईल' विचारतात, तिथं आमच्याकडं मोठ्या बापूंचा नंबर. माझाही तोच, धाकट्या भावाचाही तोच, चुलतभावंडांचाही तोच. अण्णांकडं त्यांचा फोन हाय, पण त्यांना तो देऊ का असं विचारायचंही कोणाच्या डोक्यात येत न्हाई. घरात जो मोठा, त्याचा नंबर. आमच्याच न्हाई, आमच्या गावात, शेजारच्या गावात, उदगीरकडं, सगळीकडं हीच रीत. मी आजवर किती फॉर्म भरले असतील, तो नंबर माझ्या हातालाच पाठ हाय. अन् तज्ज्ञ प्रोग्रामरला वाटलं, एक नंबर म्हणजे एक लेकरू. त्याला काय दोष द्यायचा? त्यानं चाचणीला जी खोटी लेकरं बनवली तीसुद्धा कशी छान, ज्याच्या-त्याच्या बापाचा वेगवेगळा नंबर. चुलत्याच्या नंबरावरचं एकही लेकरू त्याच्या डोक्यात आलं न्हाई. ते त्याच्या डोक्यात यायला पाहिजे होतं का माझ्या?

खात्री करायला मी खोटी लेकरं काढून टाकली अन् माझंच घर भरलं. मी, थोरला चुलतभाऊ, चुलतबहीण, अन् शेवटी माझा धाकटा भाऊ. सगळ्यांना मोठ्या बापूंचा नंबर. बटण दाबलं. स्क्रीनवर एकच नाव आलं, माझ्या भावाचं. शेवटी जो भरला तो राहिला. चुलतभाऊ गेला, चुलतबहीण गेली, मी गेले. मी टॉपर, मी सोनं, मीच लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरात मी न्हाईच. मला रडू आलं. राग इतका आला होता की रडूच आलं. मशीनवर न्हाई, माझ्यावर.

क्लासची खरी यादी काढून बघितली, तर त्या पोरीचंही तेच झालं होतं. तिचा चुलतभाऊ त्याच क्लासात, संध्याकाळच्या बॅचला. ही सकाळच्या. दोघांना नंबर चुलत्याचा. पोरीचं नाव मागून भरलं म्हणून खात्यावर नाव तिचं राहिलं. सकाळी ती टेस्ट द्यायची, मार्क खात्यात यायचे. संध्याकाळी भाऊ दांडी मारायचा, अन् त्याची गैरहजेरी तिच्या मार्कांवर चढून बसायची. मग मेसेज सुटायचा: आपली पाल्य गैरहजर. पोरगं मोकळं अन् पोरगी घरी.

आता करायचं काय? माझ्या चाचणीचे थोडेच दिवस उरले होते. ओळ बदलायला वेळ लागणार नव्हता. गुपचूप बदलायची, अन् मालकाला सांगायचं की क्लासवाल्यांनी नंबर चुकीचे भरले होते. कोण बघणार हाय? मालक तर कोड वाचत न्हाई. क्लासवाल्यांनाही समजून घ्यायची सवय न्हाई, त्यांनीच शिकवलंय. मी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं. दादा शेजारी बसला होता. तो काही म्हणाला न्हाई, हे बरं झालं. म्हणाला असता तर मी नक्की खोटं बोलले असते, नुसतं त्याच्याविरुद्ध जायचं म्हणून.

पण खोटं बोलले असते तर चुलत्याला कोण काय सांगणार? क्लासची चूक, सॉफ्टवेअरची चूक, नंबराची चूक. असल्या गोलगोल बोलण्यावर कोणी पोरीला परत पाठवत न्हाई. मला माहीत हाय ना. आमच्या मोठ्या बापूंनी पाठवली असती का? त्यांना एकच गोष्ट समजते, तोंडावर सरळ सांगितलेली.

मी मालकाच्या टेबलापुढं उभी राहिले अन् सांगून टाकलं. ओळ अशी अशी हाय, तिच्यामुळं असं असं झालं, एकाच घरातली जेवढी लेकरं असतील तेवढ्यांचे मेसेज चुकीचे गेलेत.

"तू बघितली नव्हती का ती ओळ?"

"न्हाई सर. एकही ओळ बघितली नव्हती."

मालक काचेखालच्या देवांकडं बघत बसला. मग म्हणाला, "पेढे खाल्ले आपण." मला हसू यायला नको होतं, पण आलं. मालकाला ते आवडलं न्हाई. "आधी नीट कर," तो म्हणाला, "तुझं काय करायचं ते मग बघू."

मी नीट केलं. ह्या वेळी आधी कागदावर मराठीत लिहिलं, की लेकराची ओळख त्याचा क्लासमधला रोल नंबर, मोबाईल नुसता मेसेज पाठवायला. मग मशीनला तेवढंच काम सांगितलं. दहा वर्षांचा अनुभव वगैरे काही म्हणलं न्हाई. त्यानं दिलेल्या ओळी एकेक वाचल्या, दोन परत पाठवल्या, एक मीच लिहिली. खोटी लेकरं त्याच्याकडून घेतलीच न्हाईत. आमचा सगळा गाव त्यात घातला: जुळी पोरं, मामाच्या घरी राहणारी पोरगी, एकाच वर्गात एकाच नावाच्या दोघी, रिचार्ज संपून बंद पडलेला नंबर. आमच्या गावानं त्या प्रोग्रामची पार दैना केली. जुळी तर पुन्हा पुन्हा भांडायला येत होती. मी पुन्हा पुन्हा वाचत होते. अन् गंमत सांगू का, मला मजा यायला लागली. शाळेत गणित सुटल्यावर जे वाटायचं ते. कॉलेजात ते कधी वाटलं नव्हतं. दादानं येऊन एका ओळीवर बोट ठेवलं. ती काय करती ते मी सांगितलं. मग दुसरीवर. तेही सांगितलं. तिसरीवर मी म्हणलं, "दादा, ही नको होती, काढते." तो गेला अन् येताना माझ्यासाठीही चहा घेऊन आला.

मग आली फोनची पाळी. मालक म्हणाला, चुलत्याला तूच सांग, तुझीच करणी. उदगीरकडचा तो नंबर मी लावला. मी सगळं सांगितलं, दोन लेकरं, एक नंबर, एक खातं.

"म्हंजे मशीननं खोटं सांगितलं?" तिकडून आवाज आला. आवाज थेट आमच्या मोठ्या बापूंसारखा.

"मशीनला तुमचं घर काय माहीत, काका. ते बघायचं काम माझं होतं. मी बघितलं न्हाई."

मग म्हणाले, "मग पंधरा दिस गैरहजर कोण व्हतं?"

आता आली का पंचाईत! मी मालकाकडं बघितलं. मालक देवांकडं. "तुमच्या घरातला दुसरा जो क्लासला हाय, तो," मी म्हणलं. त्याच्यानंतर फोनवर जे ऐकू आलं ते इथं लिहिता येणार न्हाई, अन् ते माझ्यासाठी नव्हतंही. पोराचं नाव घेऊन हाका सुरू झाल्या, कोणाची तरी खाट सरकली, बायकांचे आवाज आले. त्या गोंधळात फोन पोरीच्या हातात गेला.

"ताई," ती म्हणाली, "माझ्या आता घरी बसून टेस्टा बुडल्या. त्याचाबी मेसेज जाईल का?"

मी म्हणलं, जाईल बाई, कारण आता खरंच गैरहजर होतीस. पण खाली कारण लिहायला एक जागा मी करते, अन् तुझं कारण मी स्वतः लिहिते. ती म्हणाली, बरं. मग मागून चुलत्यांचा आवाज आला, "सांग त्यांना, सोमवारच्या एसटीनं येऊन राहिली म्हणून." मी फोन ठेवला. दादा खिडकीतून बाहेर बघत होता.

मालकानं मला बसायला सांगितलं. मी बसले न्हाई. मनात सामान बांधून झालं होतं, कोणत्या गाडीनं मुखेड गाठायचं तेही ठरलं होतं.

"लातूरचे संचालक म्हणून राहिलेत, दुसरी टॉपर पाठवतो," मालक म्हणाला. "मी म्हणलं, नको. एक पुरे." मग खुर्चीत पुढं झाला. "आधी ओळी वाचायच्या, मग मला दाखवायचं. पेढे त्याच्यानंतर. जमत असेल तर तू पक्की."

मी मान हलवली.

"पण एक हाय," मालकानं खिशातून मोबाईल काढला. "पोरीची जात, परगावी राहणार. उद्या घरचं कोणी येऊन सामान उचलून नेलं तर मी काय करू? आताच बघितलं ना? तुझ्या घरी जो कोणी मोठा असेल त्याच्याशी मी बोलून घेतो. त्याचं हो असेल तर माझं हो. नंबर सांग."

बाकीच्या पोरांना पक्कं करताना त्यानं कोणाच्या बापाला फोन लावला नव्हता. ते मी बोलणार होते, पण बोलले न्हाई. माझ्या जिभेवर मोठ्या बापूंचा नंबर आपोआप आला होता, पहिला आकडा तर निघालाही असता. मी तोंड मिटलं. मग दुसराच नंबर सावकाश सांगितला. मालक एकेक आकडा दाबत गेला. निम्मे झाले अन् त्याचा अंगठा थांबला. स्क्रीनवर माझं नाव आलं होतं.

"हा तर तुझाच नंबर हाय."

"हाव," मी म्हणलं. "बोला."